वाडीचं रॉकेल आणि आमचं पत्रक

आमच्या घरातलं विजेचं बिल वाढलं ते आम्हाला एकाएकी थंडी वाजायला लागली म्हणून नव्हे. वडिलांना बढती मिळाली म्हणून. आधी मिक्सर आला, मग फ्रीज, आणि त्या हिवाळ्यात न्हाणीघरात गीझर बसला. पनवेलच्या हिवाळ्यात गीझर! इथे पौषातसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो. पण शेजारच्यांकडे बसला होता, समोरच्यांकडे बसणार होता, आणि एवढी वर्षं बंबात पाणी तापवून झालं, आता पुरे, असं आईचं म्हणणं. गॅसचा नंबर तर त्याआधी दोन वर्षं लागला होता. आम्हाला कुणालाच वाटलं नाही की आपण जास्त जाळायला लागलो. आम्हाला वाटलं, आपलं आता कुठे बरं चाललंय.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहायचे. पत्रक म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेला फुलस्केप कागद. वर जाड अक्षरांत एक प्रश्न, खाली तीन परिच्छेद संताप, शेवटी मागण्या. आम्ही पाच-सहा जण होतो. जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला एक खोली घेतली होती, तिच्यात मशीन, एक बाकडं आणि शाईचे डाग. आमच्यात सर्वांत मोठे म्हणजे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक सर. लिहायला मला त्यांनीच शिकवलं. "पहिलं वाक्य वाचून माणसाने चहाचा कप खाली ठेवला पाहिजे," असं ते म्हणायचे. मी कप खाली ठेवायला लावण्यात तरबेज झाले होते.

त्या साली गावात एक बोलणं फार चाललं होतं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरी वाडीतल्या बायका जंगल तोडतात, डोंगर बोडका करतात. हे बोलायचं कोण? ज्यांच्या घरी चार खोल्यांत चार पंखे. सर म्हणाले, मोजूया. कोण किती जाळतं ते घराघरात जाऊन विचारूया. मिळकत लिहायची, आणि तिच्यासमोर वीज, गॅस, रॉकेल, लाकूड. मिळकतीबरोबर जळण कसं चढत जातं ते एका कागदावर दिसेल, आणि मग बघू कोण कुणाला जंगल शिकवतं. कल्पना चोख होती. आजही मला ती चोखच वाटते.

नवीन पनवेलातल्या आमच्या कॉलनीतली चाळीस घरं माझ्याकडे आली, आणि वाडीही माझ्याकडेच. वाडीत मी पौषात गेले. तीसेक झोपड्या, पण निम्म्याहून जास्त दारांना काटक्या लावून बंद. माणसं वीटभट्ट्यांवर गेली होती. काही कळंबोलीच्या अंगाला, काही पार पेणकडे. दिवाळी झाली की जायचं आणि भट्टी बंद झाली की मेमध्ये परत यायचं, ही तिथली रीत. मागे राहतात म्हातारी माणसं. मी त्यांनाच विचारलं.

एका झोपडीसमोर साठीच्या आसपासची एक बाई लाकडं फोडत बसली होती. मुलगा आणि सून भट्टीवर, हिचे गुडघे चालत नाहीत म्हणून ही घरी. गुडघे चालत नाहीत, पण आठवड्यातून एकदा डोक्यावर मोळी घेऊन पनवेलच्या बाजारात मात्र जात होती. मी फॉर्म काढला तशी तिने कोयता बाजूला ठेवला.

"काय लिवतंस गो बाय?"

"मावशी, तुमच्याकडे रॉकेल किती लागतं ते लिहायचंय."

"लिवून काय व्हतं? वाढवून देनार?"

"तुमची बाजू मांडायचीय."

"मांड, मांड." ती हसली. "आटवड्याला अर्दी बाटली."

"अर्धीच?"

"मोली इकली की अर्दी बाटली येतं. मोली नाय इकली तं त्या बी नाय. जवरं पैसं तवरं राकेल."

हे शेवटचं वाक्य तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. मी 'आठवड्याला अर्धी बाटली' लिहिलं आणि पुढच्या झोपडीत गेले. सगळीकडे तेच. अर्धी, पाव, एका ठिकाणी नुसतं 'नाही'. परत येताना एसटीत मला आनंद झाला होता, हे सांगायला हवं. आकडे इतके लहान होते की पत्रक आपोआप पेटणार होतं.

पेटलंही. 'कॉलनीतल्या एका गीझरसमोर कातकऱ्याचं अख्खं घर काय जाळतं?' असा मथळा मी दिला. सरांनी एक शब्दही बदलला नाही. टपाल नाक्यावर वाटलं, कॉलेजच्या फाटकाशी वाटलं, आणि निवेदन जोडून एक प्रत तहसील कचेरीत पुरवठा शाखेत दिली. खाली माझी सही. मग आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तीच बाई आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. डोक्यावर मोळी नव्हती. हातात पाच लिटरचा पत्र्याचा डबा होता, रिकामा. वाडीतून चालत येऊन, बाजारात चार ठिकाणी विचारत ती आमच्यापर्यंत पोचली होती. मी पाणी दिलं, ते तिने तसंच खाली ठेवलं.

"ताय, तूच लिवलंस ना आमाला राकेल नको म्हून?"

"मी? मी असं कशाला लिहीन?"

"दुकानदार बोल्ला. सायबाचा कागद आला. वाडीवाल्यांना आता निम्मा. त्यांनी सोताच लिवून दिलाय, त्यांना तवरा लागत नाय." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तुला पौस महिन्याचा सांगितला व्हता. तू बारा महिन्यांचा लिवलास."

त्यानंतर तिने मला जे सांगितलं ते मी पौषात विचारायला हवं होतं. भट्टी बंद झाली की माणसं परत येतात आणि वर्षातून तेवढ्या एकाच वेळी वाडीच्या हातात पैसे असतात. त्या आठवड्यात घराघरातली रेशन कार्डं घेऊन चार बाया दुकानात जातात आणि मे-जूनचं रॉकेल एकदम उचलतात. दुकानदार जुना, तो देतो. ते डब्यांत भरून झोपडीच्या कोपऱ्यात पुरून ठेवायचं आणि पावसाळा काढायचा. पावसाळ्यात मोळी विकली जात नाही, भट्टी नाही, लावणी संपली की मजुरीही नाही. लाकूड भिजलेलं, ते पेटवायला रॉकेल. आणि दिवा तर हवाच, कारण पायाखाली काय वळवळतंय ते दिसलं पाहिजे. पौषातली अर्धी बाटली ही पैसे नसलेल्या महिन्यातली अर्धी बाटली होती. आम्ही तिला गरज समजलो.

मी तिला तिथेच बसवलं आणि तडक तहसील कचेरीत गेले. पुरवठ्याचा कारकून पन्नाशीचा, डोळ्यांवर जाड चष्मा.

"भाऊसाहेब, वाडीचं रॉकेल कुणी कापलं?" मी खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं.

"बसा तरी, ताई." त्याने फाइल काढली. आत दोऱ्याने ओवलेलं आमचं पत्रक होतं, ओळींखाली लाल पेन्सिल. "हे तुमचंच ना? रोज वीस निवेदनं येतात. कोण वाचतं? तुमचं मी वाचलं. चांगलं लिहिता."

"मी काय रॉकेल कमी करा म्हणून लिहिलं होतं?"

"जिल्ह्याहून येतं तेवढंच येतं. कॉलनीतले दुकानदार पुरत नाही म्हणून माझ्या डोक्यावर बसतात. तुम्ही लिहून दिलंत, वाडीत अर्धी बाटली जळते. मग कार्डावरचं बाकीचं जातं कुठे? काळ्या बाजारात, असंच वाटणार ना माणसाला? वर कळवलं. आदेश आला. इकडचं तिकडे लावलं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"नवीन पनवेलात. तुम्ही कुठे राहता?"

त्याने चष्मा काढून पुसला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कचेरीत कुणीतरी माझं लिहिलेलं नीट वाचलं होतं आणि त्याप्रमाणे वागलं होतं.

खोलीवर परत येऊन सरांना सांगितलं तर ते लगेच उभे राहिले. "पत्रक काढू. गरिबाचं रॉकेल पळवणारी कचेरी!" पहिलं वाक्य माझ्याही डोक्यात तयार होतं, खोटं कशाला बोलू. पण ती बाई समोर बाकड्यावर बसली होती, मांडीवर डबा घेऊन.

"सर, कचेरीने आपला आकडा वापरलाय."

"चळवळीने चूक कबूल करायची नसते. दुरुस्त करायची असते."

"कबूल न करता दुरुस्त कशी करायची तेवढं सांगा."

बाई मध्येच म्हणाली, "तुमी भांडा सावकाश. मी जातं. पाऊस यायला पंदरा दीस हाईत." आणि ती गेली.

संध्याकाळी घरी आले तर आई मागच्या गॅलरीत उकिडवी बसून प्लॅस्टिकच्या पंपाने रॉकेल एका कॅनमधून दुसऱ्यात काढत होती. आमच्या कार्डावर गॅसचा शिक्का नव्हता. ज्याच्याकडे गॅस आला त्याच्या कार्डावर शिक्का मारून रॉकेल बंद करायचं, हा नियम. पण शिक्का मारायला आपण होऊन कोण जातं? कॉलनीत कुणीच गेलं नव्हतं.

"या महिन्यात दुकानदार उदार झालाय," आई म्हणाली. "मागितलं तेवढं दिलं."

मला वास सहन झाला नाही. "आपल्याला कशाला हवंय हे? गॅस आहे, गीझर आहे."

"सिलिंडर संपला तर महिनाभर येत नाही. लाइट गेली की गीझर काय चाटायचा? स्टोव्हवर दिवस काढलेत मी, तुला काय माहीत." पंप काढून तिने माझ्याकडे बघितलं. "आणि काय गं, आपल्या घराचा फॉर्म तूच भरलास ना? त्यात लिहिलंस हे रॉकेल?"

लिहिलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर बसून, कुणालाही न विचारता मी आमचा फॉर्म भरला होता. वीज लिहिली, गॅस लिहिला, रॉकेलच्या रकान्यात रेघ मारली. विसरून नाही. सगळं जग उघडं पाडायला निघाले होते, आणि स्वतःच्या गॅलरीतला कॅन मला दिसत नव्हता असं कसं म्हणू?

"नाही ना? मग मला कशाला विचारतेस?" आई म्हणाली आणि पुन्हा पंप दाबायला लागली.

मी तिला सगळं सांगितलं. पौष, अर्धी बाटली, लाल पेन्सिल. तिने तत्त्वाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ती बाई कर्नाळ्याहून चालत आली? गुडघे दुखत असताना?"

"हो."

आईने कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि आत गेली. सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने रेशन कार्ड ठेवलं होतं. "जा, मार शिक्का. पण स्टोव्ह माळ्यावर ठेवतेय, भंगारात द्यायचा नाही." वडिलांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "कुठे छापून येणार नाही ना?"

कारकुनाने कार्ड उलटंसुलटं केलं. आपण होऊन शिक्का मारायला आलेलं माणूस त्याने पाहिलं नसावं. मी त्याला पत्रही दिलं. आमच्या पाहणीत चूक झाली, प्रश्न चुकीच्या महिन्यात विचारला, उत्तर देणाऱ्यांची चूक नाही, असं साध्या तीन ओळींत. खाली माझी सही, आणि शेवटी बारीक अक्षरात सरांची. ते त्यांनी कसं केलं ते त्यांचं त्यांना माहीत. मी आग्रह केला नव्हता.

"आदेश फिरवायचा तर नवी पाहणी लागेल, अंगठे लागतील," कारकून म्हणाला. "कागद वर जाऊन खाली यायला पावसाळा उलटेल. पण एक होईल. कॉलनीत जेवढ्या कार्डांवर शिक्के बसतील, तेवढं रॉकेल या महिन्यात वाडीच्या दुकानाला लावतो. एवढं माझ्या सहीने होतं."

मग मी ज्या चाळीस घरांत मोठ्या तोऱ्याने फॉर्म घेऊन गेले होते, त्याच घरांत कार्डं मागायला गेले. एक काकू म्हणाल्या, आम्ही ते कामवाल्या बाईला देतो गं, पुण्याचं काम आहे. देतो म्हणजे तिच्या पगारात धरतो, हे त्यांची मुलगी आतून म्हणाली. एका काकांनी विचारलं, "शिक्का बसला आणि उद्या गॅस बंद झाला तर तू येणार का फुंकणी घेऊन?" एकांनी दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. मला राग यायला हवा होता. आला नाही असं नाही, पण प्रत्येक दारात मला आमची गॅलरी आठवायची, आणि मी तोंड उघडायच्या आधीच निम्मा राग विझलेला असायचा. ही माणसं लबाड होती म्हणून साठवत नव्हती. थोडं बरं चाललेलं पुन्हा हातातून जाईल या भीतीने साठवत होती. वाडीला भीती कमी होती असं नाही. तिच्याकडे साठवायला पैसे वर्षातून एकदाच येत होते, एवढाच फरक.

अकरा कार्डं मिळाली. बाराव्या घरातल्या आजोबांनी दिलं आणि संध्याकाळी परत मागून नेलं.

नव्या पाहणीसाठी वाडीत गेले तेव्हा सगळी दारं उघडी होती. माणसं परत आली होती, कुणाच्या अंगात नवा सदरा, एका झोपडीबाहेर कोंबडी सोलणं चाललं होतं. या वेळी मी फॉर्मवर हाताने एक प्रश्न वाढवला होता: हातात बारा महिने पैसे असते तर किती रॉकेल घेतलं असतं? मला वाटलं, आता खरी गरज कळेल. बाईसमोर बसले आणि विचारलं.

तिने सुनेकडे बघितलं आणि दोघी हसायला लागल्या. मला कळेना.

"बारा महिने पैसं असतं तं राकेल कोन जालंल गो?" ती म्हणाली. "गॅस नाय घेनार? तुज्या आयशीसारका? धुरानं डोलं गेलं माजं. आनि लाईट घेईन. पंखा बी घेईन, मान्साला झोप नको?"

"आनि फ्रीज," सून आतून म्हणाली.

"फ्रीजात काय ठिवशील, सदरा?" सासू म्हणाली, आणि कोंबडी सोलणारा माणूससुद्धा हसला.

मी ते तसंच्या तसं लिहिलं. लिटरच्या रकान्यात मावलं नाही म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. आमच्या मूळ पत्रकात आम्ही काय म्हटलं होतं? वाडी बिचारी थोडक्यात भागवते, वाडीकडून शिका. कुणी शिकायचं होतं त्यांच्याकडून, आणि काय? त्यांना थोडक्यात भागवायचं नव्हतंच. त्यांना आमच्याइतकंच हवं होतं, आणि त्यात चूक काय होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रॉकेल आलं त्या दिवशी दुकानासमोर डब्यांची रांग लागली. अकरा कार्डांचं रॉकेल तीस घरांत कितीसं पुरणार? निम्मं होतं, त्याहून थोडं वर आलं, पूर्ण झालं नाही. दुकानदार सगळ्यांना सारखं वाटायला निघाला तेव्हा बायांनी त्याला थांबवलं. झाडाखाली बसून आपसात ठरवलं. दोन घरांत बाळंतिणी होत्या, त्यांना भरपूर. एका घरात आंधळा म्हातारा, त्याला दिवा कशाला, पण त्याच्या चुलीला लागेल, म्हणून बेताचं. आमच्या बाईने स्वतःचं मोजून घेतलं, डबा हलवून आवाज ऐकला.

"सरावनापर्यंत जाईल," ती म्हणाली. "भादव्याचा बगू."

"मावशी, मी वरपर्यंत लिहिणार आहे."

"लिव. पन आदी मला वाचून दाव."

आदेश फिरला. कागद दिवाळीनंतर आला. तोवर वाडी पुन्हा भट्ट्यांवर निघून गेली होती.

भाद्रपदात मात्र मी एकदा गेले होते. दुपारचे चार वाजले असतील. पावसाने उघडीप दिली होती. बाईच्या झोपडीत चूल पेटली होती आणि ती रात्रीचा स्वयंपाक करत होती, चार वाजता. रिकामा डबा कोपऱ्यात आडवा पडला होता. मी त्याच्याकडे बघितलेलं तिने पाहिलं. भाकरी थापता थापता तिने मला आत यायची खूण केली आणि पानं मांडायला सुनेला हाक मारली.

"बस. जेवून जा, उजेड हाय तवर."